भूमिका आवाजाच्या मापाची घ्या : ऑपेरा गायनातली पहिली वर्षं

जोन सदरलँड 1952 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये कामाला लागल्या. पहिली भूमिका मिळाली ती मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधली, राणीच्या तीन सख्यांपैकी एकीची. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच रंगमंचावर मारिया कॅलास 'नोर्मा' गायल्या, तेव्हा नोर्माची सोबतीण क्लोटिल्डे म्हणून सदरलँड बाजूला उभ्या होत्या आणि वाट्याला मोजक्या ओळी होत्या. दोनिझेत्तीच्या 'लुचिया'ची नायिका म्हणून त्या उभ्या राहिल्या 17 फेब्रुवारी 1959 रोजी. त्या रात्रीनंतर त्यांचं नाव जगभर झालं. त्यानंतर त्या थेट 1990 पर्यंत गायल्या.

कॅलास त्यांच्यापेक्षा वयाने जेमतेम तीन वर्षांनी मोठ्या. 1949 च्या जानेवारीत, पंचविशीत, त्यांनी व्हेनिसला काही दिवसांच्या अंतराने वाग्नरची ब्रुनहिल्ड आणि बेल्लिनीची एल्विरा या दोन टोकाच्या भूमिका गाऊन सगळ्यांना थक्क केलं. ऑपेराच्या रंगमंचावरचा त्यांचा शेवटचा प्रयोग 1965 चा, वय 41. त्यांचा आवाज इतक्या लवकर का गेला यावर आजही जाणकार भांडतात, आणि एकच कारण ठामपणे सांगणं बरोबर नाही. पण गाणं शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी ही दोन आयुष्यं शेजारी शेजारी ठेवून बघावीत. सुरुवातीची वर्षं नाव कमावण्यासाठी खर्च करायची की आवाज घडवण्यासाठी, हा त्यांच्यापुढचा पहिला व्यवहारी प्रश्न आहे.

वांद्रे, वसई, पणजी, मडगाव, पुणे अशा ठिकाणांहून दरवर्षी काही मुलं या वाटेने निघतात. चर्चच्या क्वायरमध्ये तयार झालेला कान, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षा, मग लंडन किंवा जर्मनीतल्या एखाद्या संगीत विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, इथवरचा रस्ता आता बऱ्यापैकी माहितीचा झाला आहे. फी किती, व्हिसा कसा, हे पालक नीट विचारतात. पदवीनंतरच्या पाच-सात वर्षांत काय करायचं, हे फारसं कोणी विचारत नाही. हा लेख त्या वर्षांबद्दल आहे.

आधी आवाजाचं वय समजून घ्या. ऑपेरात माइक नसतो. पन्नास-साठ वाद्यांचा ताफा ओलांडून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. तो नुसत्या जोराने पोचत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान सुंडबेर्ग यांनी दाखवून दिलं की वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, आणि तयार गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास एक खास झळाळी येते. तिथे वाद्यवृंद विरळ असतो, म्हणून आवाज ऐकू येतो. ही झळाळी श्वास, स्वरयंत्राची ठेवण आणि घशातली मोकळीक यांतून येते आणि ती यायला वर्षं लागतात. हलके आवाज पंचविशीच्या आसपास स्थिरावू लागतात. व्हर्दी-वाग्नरच्या जड भूमिका पेलणारे आवाज तिशी ओलांडल्याशिवाय सहसा पिकत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलाने त्या आधीच गायला घेतल्या, तर वाद्यवृंदावर मात करायला तो घसा ताणतो. पहिल्या वर्षी टाळ्या पडतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वरच्या सुरांत कंप येतो आणि मधली पट्टी पोकळ होते.

म्हणूनच जर्मनीत आवाजांची वर्गवारी इतकी काटेकोरपणे करतात. तिला 'फाख' म्हणतात. सोप्रानो, मेझो, टेनर, बॅरिटोन, बास एवढ्यावर ते थांबत नाहीत. सोप्रानो असाल तर हलकी सुब्रेट, वेगवान ताना घेणारी कोलोरातुरा, लिरिक की ड्रामॅटिक, हे ठरतं आणि त्यावरून कोणत्या भूमिका तुमच्याकडे येतील तेही ठरतं. तुमचा फाख आज कोणता आहे हे शिक्षकाला स्पष्ट विचारा. पुढे तो बदलेल, बहुतेकांचा बदलतो. नाट्यगृह मात्र तुम्हाला आजच्या आवाजावर घेणार असतं. पाच वर्षांनी कदाचित टोस्कासारखी जड भूमिका गाल म्हणून आज टोस्काची आरिया, म्हणजे तिचं एकटीचं गाणं, घेऊन उभं राहू नका. समोरच्यांना त्यातून एवढंच कळतं की या मुलीला स्वतःचा आवाज कळलेला नाही.

एक आरिया गाता येणं आणि अख्खी भूमिका पेलणं, यांतलं अंतर नव्या गायकाला कळायला उशीर लागतो. पुच्चिनीची बटरफ्लाय एकदा रंगमंचावर आली की शेवटपर्यंत जवळजवळ हलत नाही, आणि सगळा वेळ खालचा वाद्यवृंद उसळत असतो. मिरेल्ला फ्रेनी यांनी ही भूमिका ध्वनिमुद्रणात गायली, 1974 च्या चित्रपटातही केली. रंगमंचावर त्यांनी ती कधीच केली नाही. त्या दहा वर्षांच्या असताना थोर टेनर बेनियामिनो जिली यांनी त्यांना बजावलं होतं की आत्ता गाणं थांबव, नाहीतर आवाज गमावशील. त्यांनी ऐकलं, आणि सतराव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. 1955 साली मोदेना या आपल्या गावी पहिल्यांदा रंगमंचावर आल्या आणि पुढे पन्नास वर्षं गायल्या. नकार देण्याची ही सवय सगळ्यांनी घ्यावी अशी आहे. नकार कसा द्यायचा तेही शिकून घ्या. "आत्ता ही भूमिका माझ्या आवाजाला लवकर होईल, तीन-चार वर्षांनी जरूर विचारा," असं सांगणाऱ्या गायकाबद्दल जाणत्या संचालकाच्या मनात आदरच निर्माण होतो.

मग गायचं काय? छोट्या भूमिका, आणि त्या पुरत्या जीव ओतून. मोत्सार्टच्या 'फिगारो'त चौथ्या अंकाच्या सुरुवातीला बार्बारिना ही माळ्याची मुलगी एकटी येते. उमरावाने दिलेली टाचणी तिच्या हातून हरवली आहे आणि अंधारात ती शोधते आहे. गाणं उणंपुरं दोन मिनिटांचं. व्हिएन्नात 1786 साली ही भूमिका पहिल्यांदा ज्या आन्ना गॉटलिबने केली, ती तेव्हा बारा वर्षांची होती. म्हणून काहीजण ते पोरखेळ समजतात. प्रत्यक्षात अख्ख्या ऑपेरात मायनरमधली ही एकटीची एकच आरिया आहे, खाली तंतुवाद्यं दबक्या आवाजात वाजतात, लपायला कुठेही जागा नाही. श्वास डगमगला तर ऐकू येतो, सूर किंचित उतरला तरी ऐकू येतो. दोन मिनिटांत एका घाबरलेल्या मुलीचं जग उभं करायचं असतं. हे जमलेली गायिका पुढच्या हंगामात याच ऑपेराच्या नायिकेची, सुझान्नाची, बदली म्हणून विचारली जाते.

मुलांसाठी 'ला बोएम'मधला खेळणी विकणारा पार्पिन्योल घ्या. दुसऱ्या अंकातल्या गर्दीत त्याच्या वाट्याला हाकेएवढंच गाणं येतं. पण ती हाक पडद्यामागून येते, कंडक्टर दिसत नाही, शंभरेक माणसांच्या गोंगाटात नेमक्या मात्रेवर आत यायचं असतं. चुकला तर सगळा अंक डळमळतो. असं काम प्रत्येक प्रयोगाला बिनचूक करणाऱ्या मुलाचं नाव कार्यालयात लक्षात राहतं, आणि पुढच्या भूमिका वाटताना ते निघतं.

भूमिका बसवण्याची पद्धत सुरुवातीलाच लावून घ्या. सूर आधी आणि अर्थ नंतर, असं करू नका. आधी संहितेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या हाताने वहीत लिहून काढा, आपल्या वाक्यांचा आणि समोरच्या पात्राच्या वाक्यांचासुद्धा. मग ती वाक्यं तालात नुसती बोला. मग फक्त स्वरांवर, म्हणजे आ-ए-ई-ओ-ऊ वर, गाऊन बघा. मग शब्द आणि सूर एकत्र. यानंतर भूमिका बसवून घेणाऱ्या पियानोवादकाकडे जा. त्याला 'कोच' किंवा 'रेपेटिटर' म्हणतात, आणि या धंद्यात तुमच्या शिक्षकाखालोखाल महत्त्वाचा माणूस तो. समोरच्या पात्राचं गाणं तो स्वतः म्हणतो, कंडक्टर कुठे रेंगाळेल ते सांगतो, उच्चार सुधारतो. पैसे कमी असतील तर कपडे, फोटो, प्रवास यांत काटकसर करा, कोचच्या तासात करू नका.

भाषांचं काय? इटालियन, जर्मन, फ्रेंच या तीन भाषांत गाता येणं हा पाया समजा, आणि त्यातली एक तरी बोलता आली पाहिजे. जर्मनीत काम करायचं तर जर्मन बोलता येणं अटळ आहे, कारण तालमीतला दिग्दर्शक तुमच्यासाठी प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगत बसणार नाही. मराठी-कोंकणी माणसाला इथे एक फायदा आहे. दोन-तीन भाषांत रोजचं जगणं आपल्या अंगवळणी असतं. पण आपले ट, ड, थ तोंडात घट्ट बसलेले असतात. इटालियन त आणि द दातांना जीभ लावून येतात, ते आपल्याला सोपे. जर्मन शब्दाच्या शेवटची कडक व्यंजनं मात्र मुद्दाम घोटावी लागतात. ख्यालाची तालीम घेऊन या बाजूला आलेल्यांना सुराची पारख आणि लयीची पकड आयती मिळालेली असते. त्यांनी माइकची सवय आणि वरच्या पट्टीतला उघडा आकार, या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त मेहनत करावी.

आता निवड-चाचणीबद्दल जरा सविस्तर, कारण मुलं सगळ्यात जास्त चुका इथे करतात. बहुतेक ठिकाणी पाचेक आरिया तयार ठेवायला सांगतात, तीन तरी भाषांतल्या, त्यात एक मोत्सार्ट. पहिली तुम्ही निवडता, दुसरी समोरचे निवडतात. पहिली आरिया अशी असू द्या की रात्री ताप असताना झोपेतून उठवलं तरी गाता येईल. सगळ्यात अवघड आरियाने सुरुवात करण्याचा मोह सोडा. यादीत जे लिहिलं आहे ते ते कधीही मागतील, म्हणून अर्धवट तयारी असलेली एकही गोष्ट यादीत घालू नका.

पियानोवादकासाठीची पानं हा चाचणीचाच भाग आहे. पानं पाठपोट छापलेली, रिंगच्या फाइलमध्ये, न चमकणाऱ्या कागदावर असावीत. प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली पानं दिव्याखाली चकाकतात आणि उलटताना चिकटतात. गाळलेला भाग पेनाने ठळक खोडा, कुठून कुठे उडी मारायची ते बाणाने दाखवा. पियानोजवळ जाऊन नमस्कार करा आणि पहिल्या दोन ओळी हलकेच गुणगुणून लय सांगा. चुटक्या वाजवू नका. ज्या माणसाला तुम्ही पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटलात तो तुमची अब्रू हातात घेऊन बसलेला असतो. मधेच "धन्यवाद" म्हणून थांबवलं तर मन खट्टू करू नका, हवं ते त्यांना कळलेलं असतं, चांगल्या अर्थीही. आणि आज घसा जरा बसलाय हे सांगायचं असेल, तर त्या दिवशी गाऊच नका. गायला उभं राहिलात की कारणं संपली.

कुठे गायचं हा पुढचा प्रश्न. लंडनच्या रॉयल ऑपेराचा जेट पार्कर कलाकार उपक्रम, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा लिंडेमान, म्युनिक आणि झुरिक इथले ऑपेरा स्टुडिओ, मिलानची ला स्काला अकादमी, या जागा मोजक्या आणि अर्ज करणारे अमाप. अर्ज जरूर करा. पण भिस्त ठेवायची तर जर्मनीच्या मध्यम आणि छोट्या शहरांवर ठेवा. सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं त्या एका देशात आहेत, आणि त्यातली बरीचशी पगारी गायकवृंद बाळगतात. वर्षभराचा पगार, आरोग्यविमा, आणि एकाच हंगामात मोत्सार्टपासून ऑपेरेटापर्यंत वेगवेगळ्या भूमिका, असं शिक्षण कुठलीही शाळा देत नाही. तिथल्या सरकारी रोजगार यंत्रणेचा कलाकारांसाठी वेगळा विभाग आहे, त्याचं नाव झेडएव्ही. तिथे गाऊन दाखवायची वेळ मागता येते. खासगी एजंट मिळाला तर उत्तम. तो मिळालेल्या मानधनातून टक्केवारी घेतो. नाव नोंदवायचं म्हणून आधीच पैसे मागणाऱ्याच्या दारातून परत फिरा. 'उन्हाळी ऑपेरा महोत्सव' म्हणून गायकाकडूनच भरमसाट फी घेणारे उपक्रमही बरेच असतात. शिकवणारे कोण, वाद्यवृंद आहे की नुसता पियानो, याआधी तिथे गायलेल्या मुलांना पुढे कुठे काम मिळालं, एवढं विचारल्याशिवाय पालकांनी पैसे भरू नयेत.

जर्मन करारातली एक तारीख डायरीत लाल शाईने लिहून ठेवा : 31 ऑक्टोबर. पुढच्या हंगामासाठी तुम्हाला ठेवायचं नसेल तर सुरुवातीच्या वर्षांतल्या गायकाला नाट्यगृहाने तोवर कळवावं लागतं. नाही कळवलं तर करार वर्षभराने वाढतो. नाट्यगृहाचा प्रमुख बदलला की अनेक गायक बदलले जातात, त्यात तुमच्या गाण्याचा दोष असेलच असं नाही. म्हणून नोकरी पक्की असतानाही वर्षातून एक-दोनदा बाहेर चाचणी देत राहा.

नोकरी लागली म्हणजे आवाज सुरक्षित झाला, असंही नाही. आजचे नामवंत टेनर योनास काउफमान 1994 मध्ये झारब्रुकनच्या नाट्यगृहात लागले आणि तिथल्या रोजच्या रगाड्यात त्यांचा आवाज साथ देईनासा झाला. मायकेल रोड्स या बॅरिटोन शिक्षकाकडे त्यांनी गाण्याचं तंत्र नव्याने शिकून घेतलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. तेव्हा पहिल्या पगारातून शिक्षकाचा तास चालू ठेवा. तालमीत सगळं गाणं पूर्ण आवाजात गायचं नसतं, हेही शिका. हालचाली बसवताना गायक अर्ध्या आवाजात किंवा वरचे सूर एक सप्तक खाली घेऊन गातात, त्याला 'मार्किंग' म्हणतात. सकाळी तालीम आणि रात्री प्रयोग असेल तर दिग्दर्शकाला आधी सांगून मार्किंग करा. वाद्यवृंदासोबतची पहिली बैठी तालीम आणि रंगीत तालीम मात्र पूर्ण आवाजात.

बदली म्हणून घेतलेल्या कामाला कमी लेखू नका. 1963 साली कॉव्हेंट गार्डनमध्ये जुझेप्पे दी स्तेफानो आजारी पडले आणि 'ला बोएम'मध्ये त्यांच्या जागी एक अनोळखी तरुण उभा राहिला. तो लुचानो पाव्हारोत्ती. त्याआधी काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं होतं, विमा विकला होता, आणि 1961 पासून छोट्या गावांत हीच भूमिका गाऊन पक्की केली होती. संधी एका फोनवर आली, तयारी मात्र झालेली होती. बदली गायकाने प्रत्येक तालमीला हजर राहावं, हालचाली वहीत उतरवाव्यात, आणि प्रयोगाच्या दिवशी फोन जवळ ठेवावा.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. ऑपेरालिया, कार्डिफ, नॉये श्टिमन या स्पर्धांना नाट्यगृहांचे निवडकर्ते कान लावून बसलेले असतात, म्हणून जायचं. 1989 च्या कार्डिफमध्ये मुख्य बक्षीस दिमित्री ह्वोरोस्तोव्स्कींना मिळालं आणि ब्रिन टर्फेल यांना गीतगायनाचं. मुख्य बक्षीस हुकलेल्या टर्फेल यांचं पुढे काही अडलं नाही. दोघेही मोठे झाले.

प्रकृतीच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी. गायकाला अंगदुखी-डोकेदुखीवर ॲस्पिरिन देऊ नका. त्याने रक्त पातळ होतं आणि जोर लावून गाताना स्वरतंतूंत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. असा रक्तस्राव झालेल्या घशावर गायलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं. सर्दीच्या कित्येक गोळ्या घसा कोरडा पाडतात. आवाज अचानक बसला तर काढा-मधावर दिवस काढू नका. स्वरतंतू कॅमेऱ्याने तपासणाऱ्या नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. तोवर बोलणं बंद ठेवा, कुजबुजणंसुद्धा. रात्री उशिरा तिखट-तळलेलं खाऊन लगेच आडवं झालं की आम्लपित्त घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जड वाटतो. प्रयोगानंतर भूक सणकून लागते, तेव्हा हे पाळणं अवघड असतं, तरी पाळा.

शिकतानाच्या खर्चाचा अंदाज घरात आधी मांडा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी फी नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो लावले. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम खात्यात गोठवून दाखवावी लागते, 2024 च्या सप्टेंबरपासून ती 11,904 युरो आहे. प्रवेशाला वयाची अट असते आणि ती संस्थेगणिक वेगळी, त्यामुळे 'आधी इंजिनिअरिंग करू, मग बघू' असं ठरवणाऱ्यांनी अट आधी वाचावी.

सुट्टीत घरी आलात की इथेही गा. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनला गिल्डहॉलमध्ये शिकल्या, जॉन टॅव्हनर यांच्यासारख्या संगीतकाराने खास त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना केल्या, आणि 2016 मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस तेवीस वर्षांनी पुन्हा उघडलं तेव्हा त्या तिथे गायल्या. भारतात येऊन त्या तरुण आवाजांना शिकवतात. त्यांच्यासमोर किंवा एनसीपीएमध्ये येणाऱ्या पाहुण्या गायकांसमोर गाण्याची संधी मिळाली तर दवडू नका. लग्नाच्या हॉलमध्ये माइक हातात देऊन 'ते टायटॅनिकसारखं काहीतरी उंच गा' म्हणणाऱ्या नातेवाइकांना प्रेमाने नाही म्हणा.

आणि कधी अशी वेळ आली की एका हातात मोठ्या राजधानीतल्या प्रसिद्ध नाट्यगृहाचं पत्र आहे, वर्षभरात दोन-तीन प्रयोगांत पत्र घेऊन येणाऱ्या नोकराची भूमिका, आणि दुसऱ्या हातात नकाशावर शोधावं लागेल अशा गावाचा करार, जिथे आवाजाला साजेशा चार भूमिका आणि महिन्याला कित्येक प्रयोग आहेत, तर त्या छोट्या गावाला जा.